घर विकायचे आहे? रंगाचा डबा नंतर, पत्र्याची पेटी आधी

घर विकायचे ठरले की आपल्याकडे पहिली धावपळ होते ती रंगाऱ्यासाठी. थोरला रंगाऱ्याला बोलावतो, धाकटा नाक्यावरच्या दलालाला गाठतो, सुना भांड्यांची मांडणी घासायला काढतात. माळ्यावर बोचक्यांच्या मागे सरकवलेली कागदांची पत्र्याची पेटी मात्र कोणी खाली उतरवत नाही. खरी सुरुवात त्या पेटीपासून व्हायला हवी. गिऱ्हाईक रंग बघून खोलीत शिरते, पण पैसे मोजते ते कागद बघून. आज बहुतेक लोक कर्ज काढून घर घेतात आणि त्यांच्या बँकेचा वकील रंगाकडे ढुंकूनही पाहत नाही.

आपल्या समाजात घर ही पिढ्यान्पिढ्या चालत आलेली गोष्ट क्वचितच असते. गावात जे होते ते गावकुसाबाहेर होते. मुंबईला आलेल्या पहिल्या पिढीने गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात, महापालिकेच्या सफाई खात्यात आयुष्य काढले, आणि फंडाचे पैसे, पतपेढीचे कर्ज व आईचे चार दागिने मोडून एक खोली-स्वयंपाकघर उभे केले. आता त्याच घरात तीन संसार मावत नाहीत म्हणून, आजारपणाचा खर्च आला म्हणून किंवा मुलांना कल्याण, अंबरनाथ, बदलापूरकडे मोठी जागा घ्यायची म्हणून ते विकायला निघते. कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी एवढीच. ती घाईत विकली तर दोन-पाच लाख सहज हातचे जातात, कारण माणूस अडला आहे हे दलालाला दारातच कळते. म्हणून ज्या महिन्यात पैसे हवेत त्याच्या निदान सहा महिने आधी तयारीला लागावे.

पेटीत काय असावे

पेटी उघडली की कागद तारखेप्रमाणे लावावेत. बिल्डरकडून पहिल्यांदा घर घेणाऱ्यापासून आपल्यापर्यंत जितके हात बदलले तितके करारनामे हवेत. मधली एक कडी गहाळ असली तरी बँक अडून बसते. नोंदणी झालेला प्रत्येक करार आणि त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात तो उतारा, सोबत हवा. हरवला असेल तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढता येते. त्यानंतर सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, ताबा पावती, सोसायटीची आणि विजेची अलीकडची बिले, मालमत्ता कराच्या पावत्या. मुंबई महापालिकेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून माफ केला आहे, पण त्यापूर्वीची थकबाकी राहिली असेल तर ती विचारली जातेच.

जुन्या काळात कित्येकांनी घर साध्या मुद्रांकावर लिहून घेतले आणि नोंदणी केलीच नाही. अशा कागदावर मुद्रांक शुल्क कमी भरलेले असते आणि त्यावर दरमहा दोन टक्के दंड चढत राहतो. हे गिऱ्हाइकाच्या वकिलाने शोधून काढण्यापेक्षा आपणच आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन तपासलेले बरे. त्याने शोधले की तो दंडाच्या दुप्पट भाव पाडतो.

घरावर कर्ज होते आणि ते फिटले, तर नुसते शेवटच्या हप्त्याची पावती जपून उपयोग नाही. ‘येणे बाकी नाही’ असे पत्र आणि आपले मूळ कागद बँकेकडून परत यायला हवेत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यानंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बँकांवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. ही गोष्ट शाखेत ठामपणे सांगावी, मग ‘पुढच्या आठवड्यात या’ हे पालुपद बंद होते.

आता आपल्या घरांतली खास अडचण. नावे. वडिलांच्या गिरणीच्या कार्डावर नाव आणि बापाचे नाव एवढेच, आडनाव नाहीच. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, रेशनकार्डावर गावावरून पडलेले दुसरे, करारनाम्यात लिहिणाऱ्याने ऐकू आले तसे तिसरे. आईचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर. घरात सगळ्यांना ठाऊक असते की ही सगळी एकच व्यक्ती, पण वकिलाला ते कागदावर हवे. प्रतिज्ञापत्र करून, गरज असेल तिथे शासन राजपत्रात नावबदल छापून घेऊन हे नीट करावे. आधारकार्ड, पॅनकार्ड आणि करारनामा या तिन्हींवरचे नाव अक्षरासकट जुळते का ते आजच बघा. यात महिना-दोन महिने सहज जातात.

सह्या कोणाच्या लागतील?

घर वडिलांच्या नावावर आहे आणि वडील गेले, इथेच निम्म्या विक्री अडकतात. थोरला म्हणतो, ‘नॉमिनी मी आहे, म्हणजे घर माझे.’ हा गैरसमज आपल्या वस्त्यांत फार पसरला आहे. नॉमिनी हा मालक होत नाही. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढ्यापुरते ते नाव असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळे प्रकरण घातले गेले, त्यात तर स्पष्टच आहे की खरे वारस सभासद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो आणि घर तो वारसांचा विश्वस्त म्हणून सांभाळतो.

मग वारस कोण? हिंदू वारसा कायदा १९५६ हा बौद्धांनाही लागू आहे. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले घर, मृत्युपत्र नाही, तर त्यांची पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीसुद्धा, या सर्वांचा सारखा वाटा. आई, दोन भाऊ आणि एक बहीण असतील तर चार वाटे. घर ४० लाखांना गेले तर प्रत्येकी १० लाख. बहिणीचे लग्न झाले की नाही याचा काही संबंध नाही. एखादा भाऊ आधीच वारला असेल तर त्याची बायको-मुले त्याच्या वाट्याला उभी राहतात. त्याची मुले अज्ञान असतील तर त्यांचा वाटा विकायला न्यायालयाची परवानगी लागते, त्यांच्या आईची नुसती सही पुरत नाही.

मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा मिळावा हा हिंदू कोड बिलातला एक मोठा मुद्दा होता आणि त्या बिलाची जी गत झाली ती बाबासाहेबांच्या सप्टेंबर १९५१ मधल्या मंत्रिपदाच्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होती. आपण जयंतीला हे भाषणात सांगतो. आणि घर विकताना बहिणीला साडी-चोळी देऊन, ‘एक सही हवी होती गं’ म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा उठवून घेतो. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण कशावर सही करते आहे आणि तिचा वाटा किती रुपयांचा होतो, हे तिला आधी आकड्यांत सांगितलेच पाहिजे. हे फक्त नीतीचे बोलणे नाही. जिची फसवणूक झाली असे तिला किंवा उद्या तिच्या मुलांना वाटले, तर गिऱ्हाइकाच्या वकिलाने वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर नोटिशीवर एक हरकत पुरेशी होते. साधारण १४ दिवसांची ती नोटीस असते. त्या १४ दिवसांत हरकत आली की सौदा मोडतो आणि घराचे नाव बाजारात खराब होते.

तेव्हा दलालाला बोलावण्याआधी सर्व भावंडांनी एका रविवारी आईसमोर बसावे. किती किंमत आली तर विकायचे, पैसा कोणाच्या खात्यात किती जाणार, हे लिहून काढावे. सगळ्यांचे एकमत असेल तर कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त किंवा नोंदणी केलेले हक्कसोडपत्र करून शेअर सर्टिफिकेट आधी वारसांच्या नावावर चढवून घ्यावे. कुटुंबातल्या व्यक्तीच्या किंवा वारसाच्या नावे घर होताना सोसायटीला हस्तांतरणाचा प्रीमियम मागता येत नाही. एकमत नसेल तर न्यायालयातून वारस दाखला काढावा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि तोवर विकण्याच्या गप्पा थांबवलेल्या बऱ्या.

त्या बैठकीत आणखी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. आई कुठे राहणार? ‘आमच्याकडे आळीपाळीने’ हे उत्तर मोघम आहे. दोन्ही मुलांनी आपापले वाटे घेऊन लांब घरे घेतली आणि आई सहा-सहा महिन्यांची पाहुणी झाली, अशी घरे आपल्या ओळखीत प्रत्येकाला सांगता येतील. आईचा चौथा हिस्सा तिच्याच नावाच्या खात्यात जावा, किंवा नव्या घराच्या करारात तिचे नाव सहमालक म्हणून असावे. महाराष्ट्रात राहते घर बाईच्या नावाने घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे. म्हणजे यात सगळ्यांचाच फायदा.

हे घर विकता तरी येते का?

सगळीच घरे मनात आले की विकता येत नाहीत. म्हाडाच्या सोडतीतले घर पाच वर्षे विकता येत नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या घरावरही ठरावीक वर्षांची बंदी असते आणि नंतरही प्राधिकरणाची परवानगी लागते. दलाल ‘कुलमुखत्यारपत्र करून टाकू, पुढचे पुढे’ असे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे की नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर स्थावर मालमत्तेची मालकी बदलत नाही. अशा सौद्यात घेणारा अधांतरी राहतो आणि देणाऱ्याचे घर प्राधिकरणाच्या कारवाईत सापडू शकते. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या अनेक कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या चाळीतून मालकीच्या घरात गेलेल्या या मंडळींच्या दारात दलाल लगेच घिरट्या घालतील. करारातली विक्रीबाबतची अट वाचल्याशिवाय त्यांच्याशी एक शब्द बोलू नये.

पागडीच्या खोलीचे गणित निराळे. तिथे आपण भाडेकरू असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ ने पागडीचे पैसे घेणे कायदेशीर केले, पण घरमालकाची संमती आणि नव्या माणसाच्या नावाची भाडेपावती हवी. रिवाजाने साधारण एक तृतीयांश हिस्सा मालक घेतो. तो आधी ठरवून घ्यावा, नाहीतर सगळे जमल्यावर मालक अडवतो. नवी मुंबईतल्या सिडकोच्या घराला सिडकोची हस्तांतरणाची परवानगी लागते. आणि मुंबईच्या घराबरोबर गावची वतनी जमीनही फुंकून टाकू म्हणणाऱ्यांसाठी एक इशारा : महार वतनाच्या पुन्हा दिलेल्या जमिनी जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

ओल लपवू नका, घालवा

कागद लागले की मग घराकडे वळावे. इथे आपल्या बायका पुरुषांपेक्षा शहाण्या असतात, कारण कुठल्या कोपऱ्यात पावसाळ्यात पोपडे येतात हे त्यांनाच माहीत असते.

ओल ही घराची सर्वांत महाग खोड. भिंतीवर मिठासारखी पांढरी भुकटी येते, रंग फुगतो, कपाटाच्या मागे कुबट वास येतो. त्यावर सरळ रंग मारला तर तो दोन महिने टिकतो, आणि अनुभवी गिऱ्हाईक हाताची पाठ भिंतीला लावूनच ओळखते. आधी पाणी येते कुठून ते शोधावे. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून किंवा इमारतीच्या सामायिक नळातून येत असेल तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाची आहे. लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. वरच्या बिऱ्हाडाच्या मोरीतून येत असेल तर त्यांच्याशी गोडीने बोलून, सोसायटीला मध्ये घेऊन सोडवावे. विक्रीची वेळ आहे म्हणून भांडण काढू नये. वरचा माणूस जिन्यात गिऱ्हाइकाला काय सांगेल याचा नेम नसतो.

पाणी थांबल्यावर फुगलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून काढायचा, भिंत वाळू द्यायची, मग नवा गिलावा. त्याला आठवडाभर पाणी मारायचे आणि पुन्हा नीट वाळू द्यायचे. त्यानंतरच लांबी, प्रायमर आणि रंग. घाईचा गवंडी चार दिवसांत सगळे उरकतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच डाग उठतो. म्हणून वेळापत्रक असे धरावे की पावसाळ्यात गळती कुठे आहे त्याची खूण करून ठेवायची, पावसाने उघडीप दिली की दुरुस्ती, दिवाळीनंतर रंग आणि डिसेंबरपासून घर दाखवायला मोकळे. जूनमध्ये मुलांच्या शाळा धरणारी कुटुंबे याच काळात घर शोधत असतात.

छताला वरून प्लास्टिकचे तक्ते ठोकून गळती झाकायची युक्ती रंगारी सुचवतात. तसे करू नये. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात विकणाऱ्याचे कर्तव्यच सांगितले आहे की, स्वतःला माहीत असलेला पण घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मोठा दोष त्याला सांगावा. स्लॅबची सळई उघडी पडली असेल तर तेही सांगावे. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल सोसायटीकडे मागून ठेवावा. तो विचारला जाणारच आहे.

बाकीची कामे हाताने होण्यासारखी आहेत. माळा रिकामा करा. आपल्या माळ्यांवर लग्नात आलेली तांब्या-पितळेची भांडी, फुटकी सुटकेस, जुनी पाळण्याची दोरी, तीन पिढ्यांचे गोधडीचे गाठोडे, सगळे असते. ते नातेवाइकाकडे किंवा भंगारात गेले की खोलीची उंची एकदम वाढल्यासारखी वाटते. पाण्याचे निळे पिंप मोरीच्या दारातून हलवा. ठिबकणारा नळ, सैल कडी, लोंबणारी वायर आणि काळा पडलेला स्विच बदला. खर्च थोडा, पण अशा चार गोष्टी दिसल्या की गिऱ्हाइकाला वाटते, न दिसणाऱ्या चाळीस असतील. मोरीच्या जाळीत पाणी ओतून ठेवा, म्हणजे गटाराचा वास वर येत नाही. ढेकूण-झुरळांचे औषध घर दाखवण्याच्या आठवडाभर आधी मारा. कडप्प्याचा ओटा घासून पुसून मोकळा ठेवा. खिडकीच्या ग्रीलमधल्या कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे दूर केले की उजेड आत येतो, आणि लहान घरात उजेडाइतकी भाव वाढवणारी दुसरी वस्तू नाही. म्हणून शक्यतो घर सकाळी दाखवावे.

नव्या टाइल्स, नवे बाथरूम, महागडे दिवे यांवर मात्र पैसा घालू नये. घेणारा येऊन आपल्या आवडीने तोडफोड करतोच. मोझॅकची जुनी लादी घासून चकचकीत केली तर पुष्कळ झाले. तीच गोष्ट वास्तुशास्त्राची. ‘ओट्याचे तोंड बदला, दार इकडून काढा, मगच विकेल’ असा सल्ला देणारे भेटतील. आपण त्यावर विश्वास ठेवत नाही, मग गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी आपल्या खिशातून भिंती पाडायचे काय कारण? ज्याला दिशा बदलायच्या असतील तो ताबा घेतल्यावर स्वतःच्या खर्चाने बदलेल. शिवाय परवानगीशिवाय भिंत हलवली तर मंजूर नकाशाशी घर जुळत नाही आणि बँकेचा मूल्यमापक बोट ठेवतो.

भिंतीवरचा फोटो

हा विषय दलाल हळू आवाजात काढतो. ‘साहेब, घर मस्त आहे, फक्त तेवढे फोटो उतरवा. गिऱ्हाईक बिचकते.’ तो बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या फोटोंबद्दल बोलत असतो. दलालाला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याने जिन्यात माघारी फिरलेली माणसे पाहिलेली असतात. फोनवर भाव विचारण्याआधी ‘आपले पूर्ण नाव काय?’ असे विचारणारी गिऱ्हाइके मुंबई-ठाण्यात आजही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

काही कुटुंबांनी रंगकामाच्या निमित्ताने फोटो उतरवले आणि घर विकेपर्यंत परत लावलेच नाहीत. त्यांची अडचण मी समजू शकतो. तरीही हिशेब करून पाहू. फोटो उतरवला, गिऱ्हाईक आत आले, भाव ठरला. मग करारनामा येतो. त्यावर आपले पूर्ण नाव असते, शेअर सर्टिफिकेटवर असते, दाराच्या पाटीवर असते. ज्याला त्या नावाशी वाकडे आहे तो इसार देऊन झाल्यावर मागे फिरेल, आणि तोवर आपला महिना वाया गेलेला असेल. फोटो जागेवर असेल तर असा माणूस पहिल्या पाच मिनिटांतच निघून जातो. ज्या शहरात जागेला एवढी मागणी आहे तिथे त्याच्या जागी दुसरा येतो. धंद्याच्या दृष्टीनेसुद्धा फोटो भिंतीवर असण्यात तोटा नाही. रंगकाम झाल्यावर काच पुसावी, फ्रेम जुनी झाली असेल तर नवी करावी आणि फोटो सरळ लावावा.

फार तर एवढे करावे की पुरस्कार, लग्नाचे, नामकरणाचे, सहलीचे असे वीस-पंचवीस घरगुती फोटो काढून ठेवावेत. त्यांनी भिंत भरून जाते आणि खोली लहान दिसते, म्हणून.

विहाराच्या फळ्यावर किंवा समाजाच्या कार्यक्रमात सांगून आपल्यातलेच गिऱ्हाईक मिळाले तर दलाली वाचते. पण आपला माणूस आहे म्हणून तोंडी व्यवहार करू नये. जयभीम म्हणून चहा द्यावा आणि कागद सगळे तेच करावेत.

भाव आणि पैसा

भाव सांगण्याआधी घर टेपने मोजा. भिंतीपासून भिंतीपर्यंतची लांबी-रुंदी, ती कार्पेट. जुन्या करारात चौरस मीटर लिहिलेले असेल तर १०.७६४ ने गुणले की चौरस फूट येतात. दलाल बिल्ट-अपचा आकडा सांगून भाव कार्पेटचा ठरवतात किंवा उलट करतात, तिथे लक्ष ठेवावे. आपल्याच इमारतीत गेल्या वर्षा-दोन वर्षांत काय किमतीला घरे गेली हे शेजाऱ्यांच्या गप्पांवरून ठरवू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू पाहता येतो आणि त्यात व्यवहाराची रक्कम लिहिलेली असते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, ती मोबाइलवर काढून देईल. दलाली सर्वसाधारणपणे एक ते दोन टक्के, ती आधीच ठरवावी. मूळ कागद दलालाच्या हाती कधीही देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी आणि त्यावर ‘फक्त पाहण्यासाठी’ असे आडवे लिहावे.

सोसायटीला १५ दिवस आधी विक्रीची लेखी सूचना द्यावी. ना-हरकत दाखला कायद्याने सक्तीचा नसला तरी घेणाऱ्याची बँक मागते, म्हणून थकबाकी भरून तो घेऊन ठेवावा. हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, लहान गावांत त्याहून कमी. ‘इमारत निधीला देणगी द्या’ असे म्हणणाऱ्या कमिटीकडे ही मागणी लेखी मागावी. बहुधा ती लेखी येत नाही.

‘थोडे रोखीत, थोडे चेकने’ हा प्रस्ताव येणारच. घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणे २०१५ पासून कायद्याने बंद आहे आणि घेतली तर तेवढाच दंड आहे. आपल्यासारख्याला याचा दुसरा तोटा असा की रोखीचे पैसे घरात ठेवता ठेवता भावकीत, लग्नात, उसनवारीत विरघळतात आणि नव्या घराच्या वेळी दाखवायला उरत नाहीत. सगळे पैसे बँकेतून घ्यावेत. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा एक टक्का प्राप्तिकर कापून सरकारात भरतो, तो कापला म्हणून त्याच्यावर संशय घेऊ नये, फक्त त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. घर दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी महागाई धरून २० टक्क्यांचा जुना हिशेबही निवडता येतो. वडिलोपार्जित जुन्या घराला १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते. नफ्याची रक्कम दोन वर्षांच्या आत दुसऱ्या राहत्या घरात घातली तर तो कर माफ होतो. प्रत्येक वारसाने आपल्या वाट्यापुरता हा हिशेब वेगळा करायचा असतो, तेव्हा एकदा कर सल्लागाराला फी देऊन विचारावे.

इसार घेताना साध्या कागदावर का होईना, पण रक्कम, तारीख, बाकीचे पैसे कधी आणि कर्ज मंजूर झाले नाही तर इसाराचे काय, हे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. चावी पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावरच द्यावी. ‘लग्न आहे, चार दिवस सामान ठेवू द्या’ या विनंतीलाही नाही म्हणावे. ताबा देण्याच्या दिवशी वीज मीटरचे रीडिंग, सोसायटीचे शेवटचे बिल आणि घरात ठेवलेल्या पंख्या-दिव्यांची यादी एका कागदावर लिहून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. नोंदणी झालेल्या कराराची एक प्रत पत्र्याच्या पेटीत ठेवावी, आणि रेशनकार्ड, गॅस, पेन्शनचे खाते, मुलांची शाळा आणि आईची औषधाची नोंद असलेले इस्पितळ या पाचही ठिकाणी नवा पत्ता त्याच आठवड्यात कळवावा.